हवा हवी

हवासरांना हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच सांगता येणार नाही, पण का ठेवलं ते त्यांच्या इमारतीत कुणालाही विचारा. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत सरांच्या घरी क्लॅरिनेटची शिकवणी चालायची आणि तेवढा वेळ जिन्यात एकच शब्द घुमायचा. "हवा!" मग क्लॅरिनेटचा एक केविलवाणा चीत्कार. मग पुन्हा, "हवा! अहो, हवा!" तळमजल्यावरचा शिंपी नवीन राहायला आला तेव्हा त्याने पहिल्याच आठवड्यात बायकोला विचारलं होतं, "वरच्या म्हाताऱ्याला पंखा परवडत नाही का गं?"

सरांचं म्हणणं सरळ होतं. क्लॅरिनेट म्हणजे भोकं पाडलेलं काळं लाकूड. त्यात पोटातून हवा गेली तर मध, आणि गळ्यातून गेली तर दारात शेपूट सापडलेलं मांजर. बोटं काय, माकडालाही शिकवता येतात. हवा शिकवायला जन्म जातो. सरांचा गेला होता.

शिकवणी हा सरांचा दुसरा धंदा. पहिला म्हणजे शहराच्या मोठ्या वाद्यवृंदात वाजवणं. आता वाद्यवृंदातल्या क्लॅरिनेटवाल्याची एक गंमत असते, ती आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं महाभारत तिच्यावरूनच घडलं. ह्या माणसाला एक क्लॅरिनेट पुरत नाही. दोन लागतात. दिसायला जवळजवळ जुळ्या, पण एक थोडी लांब आणि अर्ध्या सुराने खाली, दुसरी थोडी आखूड आणि अर्ध्या सुराने वर. काही रचनांना ही घ्यायची, काहींना ती. दोघी शेजारी शेजारी जमिनीवर ठेवायच्या खुंट्यांवर उभ्या असतात. सर लांब असलेलीला थोरली म्हणायचे, आखूड असलेलीला धाकटी. सरांची बायको दोघींनाही सवत म्हणायची. "एक असती तर खपवून घेतली असती," ती म्हणायची, "पण ह्यांना दोन लागतात!"

ही बायको त्याच सभागृहाच्या तिकीट-खिडकीत बसायची. म्हणजे नवरा आत वाजवायचा आणि बायको बाहेर तिकिटं फाडायची. लोक आत गेले तरी तिची सुटका नसायची. उशिरा येणाऱ्यांशी हुज्जत घालायची, चुकीच्या दिवशी आलेल्यांची समजूत काढायची, छत्री विसरलेल्यांची छत्री शोधायची. अख्ख्या शहराने तिच्या हातून तिकीट घेऊन तिच्या नवऱ्याला ऐकलं. ऐकलं नाही ते तिने. आणि घरचं म्हणाल, तर घरी सर सरावाला बसायचे भिंतीकडे तोंड करून. त्या वाजवण्याला ती ऐकणं मानत नसे. "ते तुम्ही भिंतीला ऐकवता," ती म्हणायची.

फक्त एकदा तिने रजा टाकली होती. सर तेव्हा पहिल्या, म्हणजे मुख्य क्लॅरिनेटवाल्याच्या खुर्चीवर होते, आणि एका रचनेचा संथ भाग त्यांच्या एकट्याच्या वाजवण्याने सुरू होणार होता. ती ठेवणीतली चप्पल घालून तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. सरांनी मोठ्या ऐटीत हात घातला, धाकटीच्या जागी थोरली उचलली, आणि डोळे मिटून सुरू झाले. मागून तंतुवाद्यं आली आणि घोटाळा उघडा पडला. सगळा वाद्यवृंद एका पायरीवर आणि हा गृहस्थ एक पायरी खाली. बरं, थांबावं तरी! पण सरांना वाटलं, बाकीचे चुकले. त्यांनी वाजवता वाजवता व्हायोलिनवाल्यांकडे असे काही डोळे वटारले, की त्यातली एक मुलगी घाबरून स्वतःच्याच व्हायोलिनच्या खुंट्या तपासायला लागली.

घरी आल्यावर बायको इतकंच म्हणाली, "छान होतं."

चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. तिच्या त्या 'छान होतं'ने सरांच्या काळजाला जी घरं पडली ती पडलीच. त्यांनी कानाला खडा लावला. पहिली खुर्ची सोडून दुसरीवर जाऊन बसले, आणि दरवर्षी वाद्यवृंदाचा मॅनेजर पुन्हा पहिल्या खुर्चीचं विचारायला आला की त्याने तोंड उघडायच्या आत म्हणायचे, "नको." दुसऱ्या खुर्चीवरच्या माणसाने कितीही चांगलं वाजवलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही, आणि वाईट वाजवलं तरी पहिल्याच्या नावावर खपतं. सर तिथे सुखात होते. निदान तसं म्हणायचे.

असं करता करता निवृत्तीचं वर्ष उजाडलं.

त्या दिवशी शिकवणीला दातांच्या डॉक्टर आल्या होत्या. ह्या डॉक्टर म्हणजे सरांची सर्वांत जुनी आणि सर्वांत वाईट विद्यार्थिनी. पन्नाशीच्या बाई, दवाखाना जोरात चाललेला, आवाज असा की भूल न देताही दात सुन्न व्हावा. पण क्लॅरिनेट तोंडाला लावली की बाईंचा श्वास जो वर चढायचा तो गळ्यातच मुक्काम ठोकायचा. सर त्यांच्या समोर उभे राहून, दोन्ही हात हवेत फिरवत, जहाज किनाऱ्याला लावल्यासारखे त्यांना खुणा करायचे. दाराकडे पाठ होती. दार उघडंच होतं, आणि दारात मॅनेजर येऊन उभा राहिला.

"सर," मॅनेजर म्हणाला, "तुमच्या निरोपाच्या कार्यक्रमात तोच संथ भाग ठेवलाय. सुरुवातीचा सोलो तुम्हाला हवा की नको?"

नेमका तेव्हा डॉक्टरबाईंचा सूर शेवटचे आचके देत होता.

"हवा!" सर ओरडले.

"नक्की ना?"

"हवा हो! किती वेळा सांगायचं माणसाने? हवा, हवा, हवा!"

"बरं बरं," मॅनेजर म्हणाला, "एवढं चिडायला काय झालं?" आणि तो जिना उतरून गेला. सरांनी वळून पाहिलं तेव्हा दारात कुणी नव्हतं.

चार दिवसांनी बायको कामावरून आली ती हसतच. "अहो, पोस्टर लागलं. तुमचं नाव मोठ्या अक्षरात आहे. फोटोही आहे."

"माझा फोटो? कशाला?"

"सोलो वाजवणाऱ्याचा घालतात ना. पण जुना घातलाय. केस असलेला."

सरांनी चहा तसाच टाकला. त्यांनी तिथल्या तिथे मॅनेजरला फोन लावला. "मी कधी हो म्हणालो?"

"हो नाही म्हणालात. हवा म्हणालात. तेही ओरडून. डॉक्टर साक्षीला होत्या."

"अहो, मी त्यांनाच म्हणत होतो!"

"डॉक्टरांना सोलो हवाय?"

"हवा घ्या म्हणत होतो!"

"मग मीही तेच म्हणतोय सर," मॅनेजर म्हणाला. "घ्या." आणि त्याने फोन ठेवला.

सरांची पाचावर धारण बसली. सरळ नकार द्यावा, तर पोस्टर शहरभर लागलेलं. आजारी पडावं, तर वाद्यवृंदाचा विमा-डॉक्टर महाखवट, त्याने मागे एका ढोलवाल्याचा ताप थर्मामीटर न लावता उतरवला होता. विचार करता करता सरांना दात आठवले. क्लॅरिनेट वरच्या पुढच्या दातांवर तोललेली असते. त्यातला एखादा दात हलायला लागला की मोठमोठे वादक घरी बसलेत. दात हलतो म्हटल्यावर कोण काय बोलणार? आणि दातांची डॉक्टर तर घरची! सर मोठ्या उमेदीने डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात जाऊन खुर्चीत आडवे झाले. हात दाखवून अवलक्षण करून घेणारे पुष्कळ असतात. सरांनी ते दात दाखवून करून घेतलं.

"कुठला हलतोय?" डॉक्टरांनी विचारलं.

"हा."

डॉक्टरांनी चिमट्याने दात धरला आणि असा काही हलवला की सर खुर्चीसकट हलले. दात जागचा हलला नाही. "हा तर खडक आहे."

"मग शेजारचा असेल."

"सर, तोंड उघडं ठेवा," असं म्हणून बाईंनी दोन्ही गालांत कापसाचे बोळे कोंबले. इतक्या वर्षांत प्रथमच गुरू गप्प आणि शिष्या बोलणार, असा योग आला होता, आणि बाई तो सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. "तुम्ही मला काय सांगता? घाबरलं की हवा वर चढते. गळ्यात अडकते. मग डोक्याला पुरत नाही, नि माणूस येत असलेलंही विसरतो. सांगता की नाही?"

"अं अं," सर म्हणाले.

"मला क्लॅरिनेट काही यायची नाही, ते मलाही कळतं हो. घरचे तर कधीपासून सांगतायत. पण मी येते त्या एका शब्दासाठी. सुरुवातीला दाढ काढताना माझेच हात कापायचे. तुमचं ऐकल्यापासून मी मनातल्या मनात म्हणते, हवा! पोटातून घेते, आणि मग हात लावते. पेशंटलाही सांगते. परवा एकाला एवढ्या जोरात सांगितलं की तो उठून पळालाच. पण बाकीच्यांना उपयोग होतो." बाईंनी आरसा पुसून ठेवला. "तुमचे सगळे दात ठणठणीत आहेत. उगाच त्यांच्यावर आळ घेऊ नका."

सर गाल चोळत घरी आले. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मी रजा टाकलीय," ती म्हणाली. "खिडकीत नवीन मुलगी बसेल. मी तिसऱ्या रांगेत."

सर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "आणि मागच्यासारखं झालं तर?"

"तर मागच्यासारखंच 'छान होतं' म्हणेन."

"तेच तर नको गं!" सर एकदम कळवळून म्हणाले. "सगळ्या गावासमोर चुकेन, त्याचं मला काही नाही. तुझ्यासमोर चुकायचं नाही. एकदा आलीस आणि मी तुला ते ऐकवलं."

बायको घडी घालायची थांबली. "म्हणून मग काहीच ऐकवलं नाहीत. त्यात कसली आलीय हुशारी?" आणि पुन्हा घड्या घालायला लागली.

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. सकाळी सरांनी डोकं चालवलं. लाल लोकरीचा एक धागा घेतला आणि थोरलीच्या गळ्याला बांधला. लाल म्हणजे थांब. लाल म्हणजे हिला हात लावायचा नाही. इतकी सोपी खूण की रस्त्यावरच्या गाडीवाल्यालाही कळावी. ही युक्ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. तिथेच सगळं चुकलं.

पहिला अर्धा भाग सुरळीत पार पडला. सर दुसऱ्या खुर्चीवरून आपलं नेहमीचं वाजवत होते. मध्यंतरात त्यांनी दोघींना वादकांच्या खोलीत खुंट्यांवर उभं केलं आणि ते लघवीला गेले. त्या दुपारी ते सारखेच जात होते. तेवढ्यात बायको पाण्याची बाटली द्यायला आत आली. पाहते तर थोरलीच्या गळ्यात लाल धागा!

अग बाई, तिला वाटलं, ह्यांनी खूण केली तीही चुकीच्या सवतीला! आता हे दोरा बघणार, पुन्हा थोरली उचलणार आणि पुन्हा तोच तमाशा. सांगायला जावं तर ऐन वेळी घाबरतील. तिने दोरा सोडला, धाकटीच्या गळ्यात घट्ट बांधला, दोनदा गाठ मारली, आणि पाणी ठेवून आपल्या जागेवर जाऊन बसली. नवऱ्याला वाचवल्याचं समाधान तिच्या तोंडावर मावत नव्हतं.

घंटा झाली. सर धावत आले, खुंट्यांसकट दोघींना उचलून रंगमंचावर गेले, आणि आज पहिल्या खुर्चीवर बसले. समोर मंद दिव्यांत सगळं सभागृह. वाद्यवृंदाच्या संचालकाने काठी धरून हात उचलले. सरांनी खाली पाहिलं. दोरा उजवीकडचीच्या गळ्यात. म्हणजे ती नको. त्यांनी डावीकडची उचलली.

ती थोरली होती.

ओठांपर्यंत आली आणि सरांचा हात थबकला. बोटं सांगत होती, अरे बाबा, ही लांब लागतेय. डोकं सांगत होतं, दोरा खोटं कशाला बोलेल? बोटं आणि डोकं यांची अशी जुंपली की श्वास दोघांच्या भांडणात सापडला, गळ्यात चढला आणि तिथेच बसला. संचालकाचे हात वर ते वरच. कुणीतरी खोकलं. तिसऱ्या रांगेत बायको भुवया उडवून उडवून दोऱ्याकडे खुणा करत होती, तीच, तीच! सरांना वाटलं, ती म्हणतेय, सांभाळा, ती नव्हे! मागच्या वेळी निदान चूक कळली नव्हती. आता तर आधीच कळत होतं की काहीतरी चुकतंय, आणि काय ते कळत नव्हतं.

आणि एवढ्यात बाल्कनीतून, भूल न देता दात सुन्न करणारा तो आवाज कडाडला:

"हवाऽऽ!"

सगळं सभागृह दचकलं. संचालकाची काठी हातातून निसटली. दरवाजावरचा माणूस बिचारा कामाला चोख, त्याने लगबगीने जाऊन बाजूची खिडकी उघडली.

त्या उघडलेल्या खिडकीकडे बघून सरांना हसू फुटलं. साधंसुधं नाही, पोट हलवणारं. हसता हसता गळ्यात बसलेला श्वास सुटला, नवीन हवा भसकन पोटापर्यंत गेली आणि डोकं लख्ख झालं. दोरा कसला बघतोयस, त्यांनी स्वतःला झापलं, उभा जन्म दोघींसोबत काढलास आणि ओळखायला दोरा लागतो? त्यांनी दुसरीही उचलली आणि उंची मोजायला पोरींना पाठीला पाठ लावून उभं करतात तसं दोघींना सगळ्या लोकांसमोर उभं केलं. आखूड ती धाकटी. दोऱ्यासकट. लोक हसले. सरांनी दोरा सोडायचा प्रयत्न केला, गाठ सुटेना. तेव्हा त्यांनी तसाच राहू दिला, संचालकाकडे पाहून मान हलवली आणि सुरू केलं.

पहिला सूर इतका हळू आला की तो कधी सुरू झाला ते पहिल्या रांगेलाही सांगता आलं नसतं. मग तो भरत गेला. मागून तंतुवाद्यं आली, आणि ह्या वेळी सगळे एकाच पायरीवर होते. सरांना फार बरं वाटलं. इतकं बरं, की त्यांना वाटलं, अरेरे, मी हे इतकी वर्षं का नाही केलं? मध्ये एका ठिकाणी रीड, म्हणजे फुंकायची पातळ पट्टी, ओठातून किंचित सरकली आणि बारीकसं 'चीं' झालं. झालं तर झालं. ते भिंतीला वाजवत नव्हते. तिसऱ्या रांगेत एक बाई ठेवणीतली चप्पल घालून बसली होती, तिला वाजवत होते.

टाळ्या संपेनात. बाल्कनीत डॉक्टरबाई बाकावर उभ्या राहिल्या होत्या.

कार्यक्रमानंतर मागच्या दाराशी मॅनेजर भेटला. त्याने सरांचे दोन्ही हात हातात घेतले. "आता खरं सांगून टाकतो सर. त्या दिवशी 'हवा' कुणाला म्हणालात ते मला तेव्हाच कळलं होतं. मी काय एवढा बहिरा आहे? पण वहिनींनीच बजावलं होतं. म्हणाल्या, एरवी विचारलंस तर 'नको' म्हणतील. डॉक्टरांच्या शिकवणीत जाऊन विचार."

सर बायकोकडे वळले. "तू?"

"मला ऐकायचं होतं," बायको म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते आणि ते तिने लपवले नाहीत. "सगळ्या गावाने ऐकायचं, आणि मी बाहेर छत्र्या शोधायच्या?"

"आणि दोरा? तोही तूच?"

"तो मात्र तुमच्या भल्यासाठी हो!"

"अगं, तुझ्या भल्यापायी पुन्हा बुडालो असतो!"

"बुडालात का पण?"

मॅनेजरने विचारलं, टॅक्सी मागवू का. सर म्हणाले, "नको, चालत जातो. हवा हवी." थोरलीची पेटी बायकोने घेतली, धाकटीची सरांनी, आणि दोघं निघाली. ऊन उतरलं होतं. दुकानं उघडत होती. पुलाशी आल्यावर सरांना राहवेना.

"कसं होतं?"

बायकोने जरा विचार केला. सरांचा श्वास पुन्हा वर चढायला लागला. आता ती 'छान होतं' म्हणाली तर?

"मध्ये एका ठिकाणी चिरकलात," बायको म्हणाली.

सर पुलावर थांबले आणि मोठ्याने हसले. "चिरकलो ना? ऐकू आलं तुला?"

"तिसऱ्या रांगेत होते मी. न यायला काय झालं?"

"कुठे सांग. नेमकं कुठे?"

आणि बायकोने, रस्त्याने माणसं जात-येत असताना, तो सगळा भाग पहिल्यापासून गुणगुणून दाखवला, आणि नेमक्या त्या जागी येऊन चीं केलं.